‘के’मध्ये राहिलेला आकडा

आमच्या जुन्या कामगारांच्या मंडळाच्या अंकाचे संपादक म्हणाले, "आप्पा, तुमच्या त्या कॅल्क्युलेटरच्या भाषांवर लिहा. जरा गमतीदार लिहा, पोरं पण वाचतील." मी हो म्हणालो. गंमत आहे त्यात, ती लिहितोच. पण शेवटी जे लिहायचंय ते गमतीचं नाही. ते लतीफ बोअरिंगवाल्याचं आहे. ते कापायचं नाही, या अटीवर हे कागद दिलेत. मी हट्टी आहे हे मंडळात कोणाला नव्यानं सांगायला नको.

माझं शिक्षण चौथी. पाचवीचं पुस्तक आणलं होतं, पण त्या वर्गात बसलो नाही. धाराशिवकडून भोसरीत आलो, मिलिंग मशीनवर चिकटलो आणि तिथून टूल रूममध्ये गेलो. टूल रूम म्हणजे कारखान्याचा असा कोपरा जिथं माल बनत नाही, माल बनवायची साधनं बनतात. त्यातलं एक साधन म्हणजे जिग. जाड लोखंडी प्लेट, तिच्यात नेमक्या जागी भोकं. बाहेरचा कामगार ती नगावर ठेवतो, तिच्या भोकातून ड्रिल घालतो आणि न मोजता हजार नग काढतो. त्याला मोजावं लागत नाही, कारण आम्ही मोजलेलं असतं. जिगमध्ये आम्ही चुकलो की ते हजारच्या हजार चुकले.

ड्रॉइंगवर साहेब लिहितो, एवढ्या गोलावर आठ भोकं, सारख्या अंतरानं. साहेबाचं काम झालं. पण मशीनला गोल कळत नाही. मशीनचं टेबल डावं-उजवं सरकतं आणि मागं-पुढं सरकतं, बस. म्हणजे दर भोकाला दोन आकडे पाहिजेत. ते साइन आणि कॉस लावून काढावे लागतात. साइन म्हणजे काय ते मला आजही धड सांगता येणार नाही. पण कोणतं बटण दाबलं की काय हातात पडतं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. घड्याळ उघडून बघितलं नाही म्हणून वेळ कळायची थांबते का?

पहिलं मशीन माझ्याकडं आलं ते अमेरिकन. ड्रॉइंग ऑफिसातले एक इंजिनिअर परदेशी निघाले होते, टेबल रिकामं करताना त्यांनी ते मला दिलं. कारण ते दुसऱ्या कोणाला चालवताच येईना. त्याला बरोबरचं चिन्हच नव्हतं. तीन अधिक चार करायचे तर आधी तीन द्यायचा, मग चार द्यायचा आणि मग म्हणायचं, मिळव. लोक हसायचे. मला पहिल्या दिवशी पटलं. अहो, आपण मशीनवर काय करतो? आधी जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, टेबलावर बांधतो, कटर लावतो, मग बटण दाबतो. बटण दाबून मग जॉब शोधायला जात नाही.

त्याची प्रोग्रॅमची भाषा तर माझ्यासारख्यासाठीच बनवलेली. प्रोग्रॅम म्हणजे काय, तर कोणती बटणं कोणत्या क्रमानं दाबायची ते मशीनला एकदा पढवून ठेवायचं. मग पुढच्या वेळी फक्त माप द्यायचं, बाकी ते करतं. या अमेरिकनच्या भाषेत एकही इंग्रजी शब्द नव्हता. पढवलेलं परत बघायला गेलं की ते अक्षर दाखवायचं नाही, जागा दाखवायचं. चोवीस म्हणजे दुसऱ्या ओळीतलं चौथं बटण. शिकलेली माणसं या आकड्यांना वैतागायची. मला तर इंग्रजी शब्दापेक्षा जागा बरी. पान्ह्यांच्या रॅकमध्ये तरी कुठं नावं लिहिलेली असतात?

खोड एकच. आकडे ते एकावर एक ताटं ठेवल्यासारखे ठेवायचं, आणि ताटं चारच. पाचवं दिलं की एक ताट गुपचूप नाहीसं व्हायचं. आवाज नाही, लाल अक्षर नाही, काही नाही.

यावरून पुनावळ्याचे एक म्हातारे आठवतात. तेव्हा तिकडं इमारती नव्हत्या, नुकते दलाल फिरायला लागले होते. म्हाताऱ्यांचा तुकडा वेडावाकडा, सहा-सात कोपऱ्यांचा. कोणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून सुट्टीच्या दिवशी मला घेऊन गेले. मी टेप लावली, त्रिकोण पाडले, बांधावर बसून बटणं दाबली आणि गुंठे सांगितले.

म्हातारे म्हणाले, "न्हाई."

म्हणलं, "काय नाही?"

"कमी हाय ह्ये. माझ्या बापानं ह्ये नांगरलंय, म्या नांगरलंय. पायाला कळतंय मला."

"बाबा, हे अमेरिकेचं मशीन आहे. पायानं मोजायचं नसतं ते."

"आसंल अमेरिकंचं. अमेरिकेनं नांगरलंय व्हय माझं रान? परत कर."

दोनदा परत केलं, आकडा तोच. चिडलो. म्हातारे बांधावर मांडी घालून बसले, उठायलाच तयार नाहीत. तिसऱ्या वेळी सावकाश, कागदावर टिपत केलं, तेव्हा कळलं. एका त्रिकोणाचं ताट दर वेळी खाली पडत होतं. अख्खा त्रिकोण जमिनीतून गेला होता. मी नवा आकडा सांगितला. म्हातारे म्हणाले, "आता बसलं," आणि चुन्याची डबी काढली.

त्या दिवशी वाचलो ते म्हातारे हटले नाहीत म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसरं मशीन जपानी, लांबोडकं, खिशात मावेल असं. त्याची भाषा बेसिक. ओळींना नंबर द्यायचे, दहा, वीस, तीस. इनपुट म्हणलं की ते माप विचारतं, प्रिंट म्हणलं की उत्तर दाखवतं. इफ, देन, गो टू, एंड. माझं आयुष्यभराचं इंग्रजी एवढंच, आणि तेवढ्यावर निभावलं. जेवताना आमटी संपली की मी बायकोला म्हणायचो, "गो टू दहा." म्हणजे परत पहिल्यापासून वाढ. ती म्हणायची, "आता एंड झालं, उठा."

तिसरं शाळेतल्या पोरांचं असतं तसलं चपटं. त्यात अख्खा प्रोग्रॅम एका ओळीत कोंबायचा, प्रश्नचिन्ह, बाण, अक्षर, परत प्रश्नचिन्ह, मुंग्यांची रांग जशी. भाषा काटकसरीची, पण महिन्यानं आपलंच लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही. तिला मी भाषा म्हणत नाही, खाणाखुणा म्हणतो.

आठ भोकांचं तेच काम अमेरिकनमध्ये साठेक बटणांचं व्हायचं, बेसिकमध्ये नऊ ओळींचं. मी बेसिक वापरायचो, कारण ते विचारायचं आणि सांगायचं. माणसासारखं. बॅटरी बदलली की सगळं पुसलं जायचं, म्हणून दर प्रोग्रॅम वहीत उतरवलेला. त्याच वहीत रोज कोणतं काम केलं तेही एका ओळीत लिहायची सवय. ती वही अजून माझ्याकडं आहे. नसती तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही.

या जपान्याची एक गोष्ट नीट सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. आकडे ठेवायला त्यात ए ते झेड अशी सव्वीस अक्षरं, म्हणजे सव्वीस खण. प्रोग्रॅम दहा ठेवता यायचे, पण खण सगळ्यांना मिळून तेच. आमच्या कंपनीच्या कपडे बदलायच्या खोलीसारखं. पहिल्या शिफ्टवाला डबा विसरून गेला की दुसऱ्या शिफ्टवाल्याला तो आपल्या खणात सापडायचा. आणि मशीन बंद करून चालू केलं तरी खणातला आकडा तसाच.

मला ही सोय वाटायची. जॉबचा काठ शोधताना आम्ही स्पिंडलमध्ये, म्हणजे जिथं कटर बसतो तिथं, एक गोल पिन लावतो. पिन आणि काठ यांच्यामध्ये पतंगाचा कागद धरायचा, टेबल हळूहळू सरकवायचं, कागद अडकला की थांबायचं. तिथं डायल शून्य करायची. पण तेव्हा पिनचा मधला बिंदू काठावर नसतो, अर्धी पिन बाहेर असतो. दहा मिलिमीटरची पिन असली तर पाच. ते पाच प्रत्येक आकड्यात मिळवायला लागतात. म्हणून माझा एक नंबरचा प्रोग्रॅम पिनची जाडी विचारायचा आणि तिचं अर्ध ‘के’च्या खणात ठेवायचा. तीन नंबरचा प्रोग्रॅम भोकांचे आकडे काढायचा आणि ‘के’तून ते अर्ध उचलायचा. आधी एक, मग तीन. पुन्हा पुन्हा विचारायची कटकट नाही. मी स्वतः बसवलेलं होतं हे, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

आता लतीफ.

लतीफ माझ्याच वयाचा, सोलापूरकडचा. बोअरिंग मशीन म्हणजे लोखंडात नेमक्या जागी, नेमक्या मापाची भोकं पाडणारं; त्यावर त्याच्यासारखा माणूस त्या पट्ट्यात नव्हता. त्याला लतीफ म्हणून कोणी ओळखायचं नाही, लतीफ बोअरिंगवाला म्हणायचे. कागद अडकला की नाही हे आम्ही ओढून बघायचो, तो बोटानं नुसता शिवायचा. रमजानच्या महिन्यात पाण्याचा घोट नाही आणि हाताला कंप नाही. मला म्हणायचा, "आप्पा, तुझं डोकं त्या डबीत आहे, माझं बोटात आहे. दोघांचं मिळून एक माणूस होतो." कॅल्क्युलेटर मी कोणाच्या हातात देत नसे. मी आकडे मोठ्यानं सांगायचो, तो मशीनच्या पत्र्यावर खडूनं लिहायचा. आमची हीच पद्धत.

चाकणच्या एका गिऱ्हाइकाची प्लेट होती. आठ भोकं. लोखंड यायलाच महिना लागला होता, गिऱ्हाइकाची लाइन थांबलेली, त्यांचा टेम्पो सकाळपासून गेटवर. पहिली शिफ्ट. मी माझ्या मशीनवर माझं काम लावलं होतं, ते सोडून लतीफकडं गेलो, तीन नंबर चालवला, सोळा आकडे वाचून दाखवले. लतीफनं लिहिले. मग म्हणाला, "आप्पा, पहिलं भोक थोडं लहान मारतो, काठापासून मोजतो, मग पुढं जातो."

मी म्हणालो, "का? माझ्या आकड्यावर भरवसा नाही?"

मागं पोरं हसली. लतीफ पण हसला. "तुझ्यावर नाही तर कोणावर ठेवू, राव?" म्हणाला, आणि न मोजता आठही भोकं पुऱ्या मापाची मारली.

पुनावळ्याचे म्हातारे बांधावरून उठले नव्हते. लतीफ उठला.

क्वालिटीवाल्यांनी प्लेट मोजली. आठही भोकं ज्या दोन काठांवरून मोजली त्या दोन्हींकडं पन्नास-पन्नास मायक्रॉन सरकलेली. पन्नास मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, डोक्याचा बारीक केस. तुम्ही म्हणाल, केसानं काय होतं? जिगमध्ये वीसच्या पुढं चालत नव्हतं. आणि भोक एकदा पडलं की ते परत भरता येत नाही. प्लेट गेली.

आता बघा, एखादं भोक चुकलं असतं तर डायल चुकीची वाचली म्हणता आलं असतं. आठही सारखीच सरकली म्हणजे टूल रूममध्ये कोणीही एकच सांगणार, काठ नीट पकडला नाही. आणि काठ पकडला होता लतीफनं. महिन्यापूर्वीच त्याला चाळिशी लागली होती. नवा चष्मा नाकावरून घसरायचा, तो मनगटानं वर ढकलायचा, ते सगळ्यांनी बघितलेलं.

मोठे साहेब खाली आले. सगळे मशीन बंद करून गोळा झाले. साहेबांना आणि मला धरून अकरा माणसं, लतीफ सोडून. साहेबांनी मला विचारलं, "आकडे बरोबर होते?"

मी म्हणालो, "होते."

"सुरुवातीपासून करून दाखव."

सुरुवातीपासून म्हणजे मी एक नंबरपासून सुरू केलं. पिन किती? दहा. मग तीन नंबर. आकडे आले, साहेबांनी स्वतः कागदावर पडताळले. अगदी बरोबर.

लतीफ म्हणाला, "साहेब, मी लिहिले तसेच डायलवर आणले."

मी म्हणालो, "लिहिलेलं दाखव मग."

पत्रा पुसलेला होता. काम झालं की रॉकेलच्या फडक्यानं मशीन पुसायचं, ही त्याची शिस्त.

तेव्हा मी ते वाक्य बोललो. कोणी विचारलं नव्हतं. "आकडे माझे आहेत, ते चुकत नाहीत. साहेब, हात बघा."

लतीफनं चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. साहेबांनी त्याला बोअरिंगवरून काढून ड्रिलला धार लावायच्या चाकावर बसवलं. ते काम कोणालाही जमतं. चार महिने तो ठिणग्यांसमोर बसला. मी जेवायच्या सुट्टीत दोनदा त्याच्याजवळ गेलो. तो डबा बंद करून उठायचा. मला वाटलं, शरमेनं. मग त्यानं नोकरी सोडली. पुनावळ्यात मिक्सर आणि पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान टाकलं, असं कळलं. मी गेलो नाही. चूक त्याची, यायचं त्यानं, असा माझा हिशेब. अशी बावीस वर्षं गेली. मी खोटं बोललो नव्हतो, हे इथं लिहून ठेवतो. मला ते खरंच वाटत होतं. पण याचा उपयोग मला होतो, त्याला होत नाही.

आमच्या काळेवाडीच्या घरात वरच्या मजल्यावर अनघा मॅडम भाड्यानं राहतात. ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. यंदा उन्हाळ्यात एका रविवारी त्यांनी मला त्यांचा नवा कॅल्क्युलेटर दाखवला. मोठा पडदा, रंगीत. समीकरण दिलं की वळणाची रेघ काढतो.

म्हणलं, "मॅडम, चित्र काढून भोक पडत नाही."

"आप्पा, यात पायथन पण आहे."

"ते काय?"

"भाषा. तुमच्या बेसिकची नात म्हणा."

ओळींना नंबर नाहीत, गो टू नाही. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे ते नुसत्या मोकळ्या जागेवरून कळतं. एक जागा कमी पडली की रुसते. मी म्हणालो, असली भाषा आमच्या टूल रूममध्ये आठवडा टिकली नसती, तेलकट बोटानं मोकळी जागा कशी मोजायची? मॅडम म्हणाल्या, "तुमचा सगळ्यात भारी प्रोग्रॅम आणा. यात घालू, बघू कोण जिंकतं."

मी वही काढली. तीन नंबर. मी वाचला, त्यांनी त्यांच्या भाषेत घातला. त्यांनी माप दिलं, बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजी ओळ आली.

"काय म्हणतंय?"

"सहाव्या ओळीत ‘के’ आहे, तो कोण हे मला माहीत नाही, असं म्हणतंय."

मी हसलो. "अडाणी आहे तुमचं मशीन. माझ्यानं बावीस-पंचवीस वर्षांत एकदा असं विचारलं नाही."

"तेच तर, आप्पा. विचारायला हवं होतं." त्या चांगल्या मनानं, शिकवल्यासारखं बोलत होत्या. "हा ‘के’ येतो कुठून?"

"एक नंबरच्या प्रोग्रॅममधून."

"आणि तो आधी चालवला नाही तर?"

"तर खणात जो असेल तो."

"म्हणजे कोणाचा?"

मी भिंतीला टेकलो आणि वही ओढून घेतली. मॅडमना वाटलं मला उन्हाचा त्रास झाला, त्या पाणी आणायला गेल्या. मी वहीची पानं उलटत होतो. ते पान सापडलं. माझंच अक्षर, मोठं आणि वेडंवाकडं. वरच्या ओळीत: माझी पिन वाकली होती, घासून नऊ नव्वद केली, जॉब लावला. खालच्या ओळीत: लतीफची प्लेट, आठ भोकं.

नऊ पूर्णांक नव्वद. अर्ध केलं की चार पूर्णांक पंच्याण्णव. पाचाला पन्नास मायक्रॉन कमी.

त्या सकाळी मी माझ्या जॉबसाठी माझी घासलेली पिन देऊन एक नंबर चालवला होता. मग लतीफकडं गेलो आणि घाईत सरळ तीन नंबर. ‘के’मध्ये माझी पिन बसलेली, स्पिंडलमध्ये लतीफची. मशीननं विचारलं नाही, मी विचारलं नाही, आणि ज्यानं विचारलं त्याला मी गप्प केलं.

पुढचे दोन आठवडे मी ते पान रोज उघडून बघितलं. मग पुनावळ्याला गेलो.

बस जिथं सोडते तिथं आता काही ओळखू येत नाही. म्हाताऱ्यांच्या त्या तुकड्यावर वीस मजले उभे आहेत. त्या इमारतीच्या समोरच लतीफचं दुकान, एक शटर रुंद. लतीफ स्टुलावर बसून मिक्सरचं भांडं उलटं धरून होता. दाढी पूर्ण पांढरी. मला ओळखलं, पण हातातलं भांडं खाली ठेवलं नाही.

"बोल," म्हणाला. "मोटर जळली का?"

मी वही त्याच्यासमोर उघडी ठेवली, जपानी मशीन चालू केलं. ते अजून चालतं. आधी नऊ नव्वद देऊन दोन्ही प्रोग्रॅम चालवले, पहिल्या भोकाचे आकडे कागदावर लिहिले. मग दहा देऊन चालवले, ते शेजारी लिहिले. लतीफ टूल रूमचा माणूस. त्याला समजावून सांगायला लागलं नाही. त्यानं दोन आकड्यांवर बोट ठेवलं, मग वहीतल्या ओळीवर.

त्यानं मिक्सरचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "पिन आहे?"

पिन मी नेली होती. खोटं वाटू नये म्हणून. त्यानं दुकानाच्या मागच्या कप्प्यातून फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर काढला. त्याचा स्वतःचा, बोअरिंगवरचा. फडकं चिकटलं होतं, इतक्या वर्षांत उघडलं नसावं. पिन धरली. हात कापत होता. पहिल्यांदा पिन सुटली. त्यानं कोपर गुडघ्यावर टेकवला, परत धरली. तीनदा मोजली.

"नऊ नव्वद."

"व्हय."

"चिखलीच्या एका वर्कशॉपवाल्यानं मला दोनदा बोलावलं होतं, आप्पा. बोअरिंगवर. नवीन मशीन घेतली होती त्यानं. घरी गाडी पाठवली. मी गेलो नाही. म्हणलं, माझा हात गेला. परत कोणाची प्लेट नको नासायला." त्यानं तळहात उलटासुलटा करून बघितला. "तेव्हा हा गेला नव्हता. आता गेलाय."

मी म्हणालो, "लतीफ, मला माफ कर."

"बावीस वर्षं मी याला शिव्या घातल्या," तो म्हणाला. माझ्याशी बोलत नव्हता, हाताशीच. मग वर बघितलं. "माफी दुकानात मागतोस होय, शटरच्या आत? ते वाक्य कुठं बोलला होतास?"

"टूल रूममध्ये."

"किती माणसं होती?"

"अकरा. मला धरून."

"मग त्यांना सांग. मला सांगून काय करू? मला तर माहीत होतं मी लिहिलं तसं आणलं. तुझ्यावर भरवसा होता म्हणून स्वतःवरचा गेला." त्यानं पिन फडक्यात मायक्रोमीटरसोबत गुंडाळली आणि कप्प्यात ठेवून दिली. "ही राहू दे इथं."

चहा विचारला नाही. मी थांबलोही नाही.

म्हणून हे लिहितोय. या अंकात लिहिण्याचं कारण एवढंच, की त्या दिवशी उभे असलेल्यांपैकी बरेच जण या मंडळाचे सभासद आहेत आणि हा अंक त्यांच्या घरी जातो. तर ऐका. लतीफ बोअरिंगवाल्यानं त्या दिवशी काठ बरोबर पकडला होता. त्याचा हात चुकला नव्हता, डोळा चुकला नव्हता. आकडे माझे होते आणि ते चुकले होते. पहिलं भोक मोजतो असं तो म्हणाला, आणि मी त्याला मोजू दिलं नाही.

अंक छापायच्या आधी मी यादी काढली. मी सोडून दहा. मोठे साहेब गेले. माझ्या शेजारच्या मशीनवरचे सोपानराव गेले. दोन भाऊ होते लेथवर, दोघंही साथीच्या वर्षी गेले. उरलेल्या सहा जणांना अंक पोचेल, न पोचला तर मी स्वतः नेऊन देईन. त्या चौघांचं काय करायचं ते मला कळत नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या डोक्यात लतीफचा हात चुकलेलाच होता. तिथला आकडा आता कोणाला पुसता येत नाही.